बाहेर पडायचं दार कुठंय? २८ दिवसांचा महिना, काकांचा स्टेंट आणि मी लिहिलेलं एक बटण

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांच्याकडं रेंजच नाही, त्यांच्यासाठी हा मजकूर. सेनगावच्या पुढं गेलं की ऑडिओ गोल गोल फिरत बसतो पण मजकूर उघडतो, हे मला स्वतःच्या अनुभवानं माहितीय. बोललो तसंच ठेवलंय. काही ठिकाणी आकडे नीट बसवलेत आणि मध्ये आलेला ट्रॅक्टरचा आवाज काढलाय.

सुरुवात एका सोप्या गणितानं करू. तुमच्या फोनचा रिचार्ज किती दिवसांचा असतो? बहुतेकांचा २८. आता ३६५ ला २८ नं भागा. उत्तर १३ येतं, वर एक दिवस उरतो. म्हणजे पगार वर्षात बारा वेळा येतो आणि रिचार्ज तेरा वेळा जातो. "महिन्याचा रिचार्ज" असं आपण म्हणतो, पण तो महिना कंपनीचा असतो, कॅलेंडरचा नाही.

जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्ही या तिघांनीही एक-दोन दिवसांच्या अंतरानं दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा प्लॅन २३९ वरून २९९ झाला. तेरा रिचार्जचा हिशोब केला तर वर्षाला ७८० रुपये जास्त. घरात चार फोन असतील तर तीन हजारांच्या वर. आणि आपण काय केलं? दोन दिवस मीम फिरवले आणि रिचार्ज मारला.

का मारला? कारण जायचं कुठं? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा आपण सगळे खूश होतो, मी पण रांगेत उभा होतो. तेव्हा बाजारात एअरसेल होतं, टेलिनॉर होतं, टाटा डोकोमो होतं, आयडिया आणि व्होडाफोन वेगवेगळे होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणी बंद पडलं, कोणी विकलं गेलं, कोणी एकत्र आलं. राहिल्या तीन खाजगी कंपन्या आणि एक बीएसएनएल. पोर्ट करायची सोय आहे, कायदा आहे, एसेमेस आहे. पण तिन्ही दुकानांत एकच भाव असेल आणि चौथ्या दुकानाचं टॉवर तुमच्या गावात नीट लागत नसेल, तर त्या सोयीचा उपयोग काय?

आजचा विषय हाच. कंपन्यांची हाव. पण शिव्या घालायचा कार्यक्रम करायचा नाहीये, तो आपण चहाच्या टपरीवर करतोच. हाव नेमकी काम कशी करते, ते उघडून बघायचंय. इंजिनिअर माणूस आहे मी, मला मशीन उघडून बघायची सवय. आणि या मशीनचा एक स्क्रू मी स्वतः पिळलाय, तेही सांगायचंय.

मी लिहिलेलं बटण

बीटेक झाल्यावर माझी पहिली नोकरी पुण्यात एका कंपनीत. नाव घेत नाही. अ‍ॅप होतं, महिन्याची वर्गणी होती. एक दिवस काम आलं: वर्गणी रद्द करायचं बटण मुख्य पानावरून हलवायचं. कुठं? सेटिंग, मग खातं, मग मदत, मग वारंवार विचारले जाणारे प्रश्न, आणि तिथं सगळ्यात खाली, फिकट राखाडी रंगात. त्यावर दाबलं की एक पान यायचं, "खरंच जाताय? तुमचे फायदे बुडतील." त्यावर मोठं हिरवं बटण "राहतो" आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात "मला फायदे नकोत".

दीड दिवसाचं काम होतं. मी केलं. आठवड्यानं मीटिंगमध्ये आलेख दाखवला, रद्द करणारे लोक कमी झाले होते. टाळ्या झाल्या. मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवाळीला गावी आलो तर चुलत बहीण म्हणाली, "दादा, हे बघ ना, माझ्या खात्यातून दर महिन्याला पैसे कटायलेत, बंदच होईना." फोन हातात घेतला. आमचंच अ‍ॅप. तीन महिन्यांचे पैसे गेले होते. मी चार टप्पे पार करून दहा सेकंदांत रद्द करून दिलं. ती म्हणाली, "तुला बरं लगेच सापडलं!" मी काही बोललो नाही.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. अ‍ॅप चांगलं होतं म्हणून ते आलेखातले लोक थांबले असं नव्हतं. त्यांना दार सापडलं नव्हतं.

हे फक्त आमच्या छोट्या कंपनीत होत नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अ‍ॅमेझॉनवर केस केली. आरोप असा की प्राइमची वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं मुद्दाम अवघड केलंय. त्या केसमध्ये पुढं आलं की सोडण्याच्या त्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीच्या आत "इलियड" हे नाव होतं. इलियड म्हणजे होमरचं युद्धाचं महाकाव्य, हजारो ओळींचं. नाव ठेवणारा माणूस हुशार होता, आपण काय बनवतोय हे त्याला पक्कं माहीत असणार. सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉननं चूक कबूल न करता अडीच अब्ज डॉलरवर हे प्रकरण मिटवलं.

कोरी डॉक्टोरो नावाच्या लेखकानं २०२२ मध्ये यासाठी एक शब्द काढला, "एनशिटिफिकेशन". सभ्य मराठीत आपण "सडत जाणं" म्हणू. त्याचं म्हणणं असं: प्लॅटफॉर्म आधी ग्राहकांशी चांगलं वागतो, कारण लोक जमवायचे असतात. लोक जमले की त्यांना पिळून धंदेवाल्यांना, जाहिरातदारांना खूश करतो. तेही अडकले की दोघांनाही पिळून सगळं स्वतःच्या खिशात घालतो. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द "अडकले" हा वाटतो. अडकल्याशिवाय पिळता येत नाही.

नफा आणि हाव यात फरक काय?

नफ्यावर माझा राग नाही. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेणारा व्यापारी नफा कमावतोच, कमवावाच. पण तिथं बोली उघड्यावर लागते. कोणी किती बोललं ते शेतकऱ्याला ऐकू येतं. भाव पटला नाही तर पोती परत न्यायची मुभा असते. परत न्यायला परवडत नाही, डोक्यावर कर्ज असतं, हे खरंय, आणि तिथंच शेतकरी मार खातो. तरी निदान बोली कानावर पडते.

म्हणून मी कुठलाही व्यवहार बघताना तीन प्रश्न विचारतो.

एक, मला पटलं नाही तर मी इथून निघू शकतो का?

दोन, खरी किंमत मला दिसते का?

तीन, काय घ्यायचं हे ठरवणारा आणि पैसे भरणारा, माणूस एकच आहे का?

तिन्हींची उत्तरं "हो" असतील तर समोरचा कितीही लोभी असू दे, त्याला मर्यादा पडते. तिन्हींची "नाही" असतील तर समोरचा देवमाणूस असला तरी किंमत हळूहळू वर सरकते. माझ्या बटणानं फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" केलं होतं. तिन्ही उत्तरं एकदम "नाही" कुठं होतात? दवाखान्यात.

काकांचा स्टेंट

जानेवारी २०१७. मी कॉलेजात होतो. रात्री काकांच्या छातीत दुखायला लागलं. हिंगोलीत ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले नांदेडला हलवा, इथं उशीर करू नका. गाडी करून रातोरात नांदेड. एका खाजगी हॉस्पिटलात अँजिओग्राफी झाली. काकू बाहेर बाकड्यावर, बाबा काउंटरवर. आतून माणूस आला आणि म्हणाला, "ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकावा लागेल. साधा टाकायचा की औषधवाला? चांगला हवा असेल तर औषधवाला टाका."

आता सांगा, बाबा काय म्हणणार होते? "थांबा साहेब, मी जरा दुसऱ्या दुकानात भाव काढून येतो" असं? बाबा म्हणाले, "साहेब, तुम्हाला जे योग्य वाटंल ते करा, पैशाचं आम्ही बघतो." बिलात नुसत्या स्टेंटचे १ लाख १५ हजार लागले. दोन म्हशी गेल्या, काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या. सरकारी योजनेचं नाव त्या रात्री कोणाला आठवलं नाही आणि तिथं कोणी सांगितलंही नाही.

काका वाचले. आजही शेतात जातात. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही मानतो, त्यात बदल नाही.

पण पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारी २०१७ ला, राष्ट्रीय औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणानं स्टेंटच्या कमाल किमती बांधून दिल्या. साधा धातूचा स्टेंट ७,२६० रुपये. औषधवाला स्टेंट २९,६०० रुपये. वर कर. त्याआधी सरासरी छापील किंमत होती साध्या स्टेंटची सुमारे ४५ हजार आणि औषधवाल्याची सुमारे १ लाख २१ हजार. बाबांनी टीव्हीवर ती बातमी बघितली आणि एवढंच म्हणाले, "महिनाभर आधी करायला काय झालं होतं यांना?" फरक ८५ हजारांचा होता.

आता मशीन उघडू. स्टेंट बनवणाऱ्या कंपन्या एक-दोन नव्हत्या, देशी-परदेशी बऱ्याच होत्या. स्पर्धा होती. मग किंमत उतरायला हवी होती ना? इथं ती उलटी चालते. समजा दोन कंपन्या आहेत. दोघीही हॉस्पिटलला स्टेंट ३० हजारांना देतात. पहिली पाकिटावर ८० हजार छापते, दुसरी १ लाख २० हजार छापते. हॉस्पिटलनं कुठला ठेवावा? पहिल्यात मध्ये ५० हजार सुटतात, दुसऱ्यात ९० हजार. म्हणजे ज्याची छापील किंमत जास्त, त्याचा माल जास्त खपतो. कंपन्यांची चढाओढ चालू होती ती पेशंटसाठी स्वस्त देण्याची नव्हती, मधल्या माणसाला जास्त सोडण्याची होती. हे ३० आणि ८० हजार मी समजावण्यासाठी घेतलेत. पण प्राधिकरणानं तेव्हा जी माहिती बाहेर काढली, त्यात हॉस्पिटलच्या टप्प्यावरचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत गेलेला दिसला.

आता ते तीन प्रश्न लावा. निघू शकतो का? छातीवर वायरी लावलेला माणूस कुठं निघणार. किंमत दिसते का? पाकीट ऑपरेशन थिएटरमध्ये. ठरवणारा आणि भरणारा एकच का? ठरवतंय हॉस्पिटल, भरतायत बाबा. तिन्ही "नाही".

एमआरपी या शब्दानं आपण फसतो. छापील किंमत म्हणजे सरकारनं तपासलेली, वाजवी किंमत, असं बाबांना वाटायचं, मलाही वाटायचं. तसं नसतं. अत्यावश्यक यादीतल्या औषधांवर कमाल किंमत असते. २०१३ च्या आदेशानुसार ती कशी काढतात? बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के. गोळी बनवायला किती खर्च आला हा प्रश्नच त्यात नाही. सगळ्यांनी महाग विकलं तर सरासरीही महाग. आणि यादीबाहेरच्या औषधांचं काय? पहिली किंमत कंपनी स्वतः ठरवते, नंतर वर्षाला दहा टक्क्यांच्या वर वाढवायची नाही एवढंच बंधन.

हे थांबलं कसं?

स्टेंटच्या किमती आपोआप उतरल्या नाहीत, आणि कुठल्या कंपनीला पाझरही फुटला नाही. दिल्लीतले वकील बिरेंदर सांगवान यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका लावून धरली. २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला आणि मग किंमत बांधली गेली. एका माणसानं बिलावरची एक ओळ वाचली आणि विचारलं, हे एवढं का? ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर विक्रीतला नफा ३० टक्क्यांपुरता मर्यादित केला.

यात भोकं नाहीत असं नाही. स्टेंटची किंमत बांधली, पण बाकी प्रक्रियेच्या बिलाला लगाम नव्हता. २०१७ मध्येच काही परदेशी कंपन्यांनी त्यांचे महागडे स्टेंट भारतातून मागं घ्यायची परवानगी मागितली. म्हणजे दार उघडलं की समोरचा दुसरीकडून कडी लावायला बघतो. पण आधी दार उघडलं, हे विसरू नका.

पेटंटचंही असंच. पेटंट म्हणजे कायद्यानं दिलेलं कुलूप. नवीन औषध शोधणाऱ्याला वीस वर्षं दुसऱ्या कोणी नक्कल करायची नाही. संशोधनाला पैसे लागतात, तेव्हा कुलूप असावं. प्रश्न आहे कशाला लावताय आणि किती घट्ट. आपल्या हळदीचंच बघा. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीनं जखम भरण्याचं पेटंट मिळालं होतं! जे आपली आजी बोट कापलं की करते, त्याचं पेटंट. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांपासून १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत पुरावे दिले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. बायर कंपनीचं नेक्साव्हर हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरवरचं औषध. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २ लाख ८० हजार. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी मुंबईतून आदेश काढला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध बनवायची सक्तीची परवानगी दिली. भारतातली ही अशी पहिलीच परवानगी. नॅटकोची किंमत: महिन्याला ८,८८० रुपये, त्यातून बायरला रॉयल्टी वेगळी. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, जुलै २०१४ मध्ये न्यायालयानं परवानगी कायम ठेवली.

आणि नॅटको ही काही धर्मादाय संस्था नाही, तीही नफ्यासाठीच धंदा करते. मुंबईच्या सिप्लानं २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला दहा हजार डॉलरच्या वर लागत होते. सिप्लाही कंपनीच. फरक एवढाच की १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यानं दुसऱ्या पद्धतीनं तेच औषध बनवायचं दार उघडं ठेवलं होतं. दार उघडं असेल तर कंपन्याच कंपन्यांना आवरतात.

मग हे आपल्याला कोण सांगणार?

इथं तिसरा गडी येतो, मीडिया. बातमीला ते तीन प्रश्न लावा. पेपरचा सगळा खर्च आपण देतो त्या चार-पाच रुपयांतून निघत नाही, जाहिरातीतून निघतो. यूट्यूब तर आपल्याला फुकट. म्हणजे वाचणारे आपण आणि पैसे भरणारा दुसराच.

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत याचा कळस झाला. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं की एका नेत्याच्या कौतुकाचा एकच मजकूर, शब्दाला शब्द, एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मोठ्या मराठी दैनिकांत "बातमी" म्हणून छापून आला होता. वेगवेगळ्या पत्रकारांना एकच वाक्य सुचणं शक्य नाही ना. "पेड न्यूज" हा शब्द तेव्हा घराघरांत गेला. प्रेस कौन्सिलनं दोन जणांची समिती नेमली, त्यांनी नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला, आणि कौन्सिलनं जुलै २०१० मध्ये त्याची छोटी आवृत्ती बाहेर काढली. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती अधिकारातून केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश यावा लागला, २०११ मध्ये.

बघा, माध्यमांबद्दलचा अहवाल माध्यमांच्याच संस्थेनं दाबून ठेवला. म्हणून मी म्हणतो, मीडियातली हाव बाकी दोन्हींपेक्षा वाईट. कारण बाहेर पडायचं दार कुठं आहे हे सांगायचं काम तिचं असतं. पहिल्या पानावर ज्या हॉस्पिटलची मोठी जाहिरात आहे, त्याच पेपरात त्याच्या बिलाची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली?

आता आपण काय करायचं?

राग आलाय ना? ठेवा. पण त्याला कामाला लावा. फोन हातात आहेच.

दवाखान्यात: प्रत्येक वस्तूचं वेगळं बिल मागा. स्टेंटच्या आदेशातच लिहिलंय की बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, बनवणाऱ्याचं नाव वेगळं दाखवायचं. प्राधिकरणाचं "फार्मा सही दाम" अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, औषधाचं नाव टाकलं की कमाल किंमत दिसते. औषध हॉस्पिटलच्याच दुकानातून घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत हा हक्क आहे, आणि २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं तसा फलक लावायला सांगितलंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा. हे आज घरी सांगून ठेवा. रात्री दोन वाजता बाकड्यावर बसून आठवत नाही, आमच्या घराला विचारा.

अ‍ॅपवर: ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ प्रकारचे "डार्क पॅटर्न" नियमबाह्य ठरवले. वर्गणीचा सापळा, म्हणजे मी बनवलं होतं ते, त्या यादीत नावानं आहे. कार्टमध्ये गुपचूप वस्तू टाकणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, "फक्त दोनच शिल्लक" अशी खोटी घाई करणं, हेही आहे. स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ वर तक्रार करा.

रिचार्जचं: जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा प्लॅन ठेवायला सांगितलं. ग्राहकांच्या तक्रारी होत्या म्हणून. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणं आणि एसेमेस असलेले प्लॅन द्या असाही नियम केला. माझ्या आजीकडं बटणांचा फोन. इंटरनेट म्हणजे काय हे तिला माहीत नाही, तरी ती डेटाचे पैसे भरत होती. हे प्लॅन जाहिरातीत दिसणार नाहीत, अ‍ॅपमध्ये खाली खाली जाऊन शोधावे लागतात. का, ते आता तुम्हाला कळलंय.

पण मंडळी, हे सगळं करूनही एक गोष्ट उरते. काकांच्या वेळी खरं दार कुठलं होतं? जवळचं, चालू स्थितीतलं सरकारी हॉस्पिटल. ते भरवशाचं असतं तर बाबांना काउंटरवर हात जोडून उभं राहावं लागलं नसतं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या बातमीनंतर आमच्या गावात लोक काय म्हणाले? "सरकारीत जाऊ नका." म्हणजे कर्ज काढा पण खाजगीत जा. सरकारी दवाखाना जितका खचतो, तितकी खाजगी काउंटरवरची किंमत वर जाते. तिथला पेशंट मग निघून जाऊ शकत नाही ना.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. पाटी लागली. आता तिथं हृदयाचे डॉक्टर आहेत का, यंत्र चालू आहे का, औषध आहे का, हे विचारत राहणं आपलं काम. एखादी तक्रार करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माहिती अधिकाराचा अर्ज होतो, फी दहा रुपये.

आणि माझ्यासारखे जे कोड लिहितात, त्यांना एवढंच सांगतो. ती नोकरी मी वर्षभरानं सोडली, त्यात शौर्य काही नव्हतं, दुसरी चांगली मिळाली म्हणून सोडली. पण आता असं काम आलं की मी मीटिंगमध्ये लेखी विचारतो, "हे २०२३ च्या नियमात बसतं का?" दोनदा काम तिथंच थांबलं. एकदा नाही थांबलं. तरी विचारायचं. कारण त्या बटणाच्या पलीकडं कोण असतं? माझ्या बाबतीत चुलत बहीण निघाली.

तुमच्याकडचं एखादं बिल, एखादा रिचार्ज, न सापडणारं बटण असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नावं झाकून पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या, आणि २८ वा दिवस कधी आहे ते बघून ठेवा. भेटू.